विश्लेषण : धडधडत्या हृदयातली गाठ दिसू लागली ती कुणामुळे?

हृदयात किंवा त्याच्या भोवती रक्तवाहिन्यांपासून गाठ होणे हा अतिशय दुर्मीळ आजार. धाप लागणे, पाय सुजणे, छातीत दुखणे ही त्याची लक्षणे हृदयाच्या इतर दुखण्यांसारखीच. त्यामुळे अशी गाठ पूर्वी बहुधा शवविच्छेदनातच सापडे. जिवंत माणसाच्या हृदयात डोकावण्याची वाट उघडली ती जर्मन डॉक्टर वेर्नर फोर्समन यांनी.

प्रयोग स्वतःवरच का?

फोर्समन यांचा जन्म १९०४ चा, बर्लिनचा. १९२९ मध्ये ते बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात नवखे डॉक्टर होते. फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या हृदयापर्यंत नळी नेल्याचे त्यांना ठाऊक होते. माणसात तसे केल्यास तो दगावेल, असाच समज असल्याने वरिष्ठांनी परवानगी नाकारली. शस्त्रक्रियेचे साहित्य परिचारिका गेर्डा डिट्झन यांच्या ताब्यात असे. त्या स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाल्या. फोर्समन यांनी त्यांना टेबलाला बांधले आणि गुपचूप आपल्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडली. मूत्रमार्गासाठी वापरायची नळी ६५ सेंटीमीटर आत सरकवली. मग जिना उतरून ते क्ष-किरण विभागात गेले. टोक हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, म्हणजे अलिंदात पोहोचल्याचे आरशात पाहिले आणि फोटो काढून घेतला. डिट्झन यांची मात्र ही सरळसरळ फसवणूक होती. आज कोणत्याही रुग्णालयात ती खपली नसती.

गाठीशी याचा संबंध काय?

क्ष-किरणांत उमटणारे द्रव्य नळीतून सोडून हृदयाचे चित्र घेण्याचा प्रयत्नही त्यांनी केला, पुन्हा स्वतःवर. चित्र नीट आले नाही, पण आजची अँजिओग्राफी याच कल्पनेवर उभी आहे. गाठीला रक्त कोणत्या धमनीतून मिळते हे तिच्यात कळते, भरपूर रक्तवाहिन्या असलेली गाठ ढगासारखी उमटते. अँजिओसार्कोमा ही घातक गाठ तर बहुतेकदा उजव्या अलिंदातच होते. अर्थात, आता आधी इको, मग एमआरआय वा सीटी स्कॅन. शिक्कामोर्तब तुकडा तपासूनच.

पुढे काय झाले?

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात नामवंत शल्यविशारद झाउअरब्रुख यांच्याकडे त्यांना थारा मिळाला नाही. ते मूत्ररोगांकडे वळले. १९३२ मध्ये नाझी पक्षात शिरले. हा डाग पुसला जाणारा नाही. युद्धात ते लष्करी डॉक्टर होते, नंतर अमेरिकेचे युद्धकैदी. तिकडे न्यू यॉर्कमध्ये कूर्नाँ आणि रिचर्ड्स यांनी हृदयात नळी घालण्याचे तंत्र रोजच्या उपयोगात आणले. १९५६ चे नोबेल तिघांना विभागून मिळाले, तेव्हा फोर्समन एका लहान जर्मन शहरात मूत्ररोगाचे रुग्ण तपासत होते. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले, हृदयविकाराने.