मुंबई-नाशिक व्हाया लोणावळा

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की होस्टेलवर एकच चर्चा असते. पोस्टिंग कुठे मिळणार? मुंबई, बंगळूर, नाहीतर थेट परदेश. कुणाला नाशिक, कोल्हापूर असं काही मिळालं की मेसमधले लोक त्याच्याकडे दुःखाचा प्रसंग असल्यासारखे बघतात. मोठं काम मोठ्या शहरातच होतं, हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

म्हणून एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याने राजधानीत देशभर गाजणारं काम केलं आणि यश हातात आल्यावर सहा महिन्यांच्या आत बायको, लहान लहान मुलं, कॅमेरा आणि सगळी नाटकमंडळी घेऊन मुंबई सोडली आणि उत्तर महाराष्ट्रात नाशिकला जाऊन राहिला. नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणतो आणि टीव्हीवर पुरस्काराची बातमी आली की तेवढ्यापुरते आठवतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आलं. म्हणजे पोटासाठी राजधानीत येणारं हे पहिलं बिऱ्हाड वडिलांचं. मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि कलाभवनात शिकला. चित्रकला, मॉडेलिंग, आर्किटेक्चर, फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, काय वाट्टेल ते. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँच एक आणि इलेक्टिव्ह सगळ्या डिपार्टमेंटचे!

शिक्षण झालं, पण जम बसेना. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. १९०० च्या सुमारास प्लेगने तिथे त्यांची पत्नी आणि मूल दोघांना नेलं. स्टुडिओ बंद पडला. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं ते गिरिजा करंदीकर यांच्याशी. लग्नानंतर त्यांचं नाव सरस्वती ठेवलं. या सरस्वतीबाई लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट निम्मी त्यांची आहे.

काही काळ दादासाहेबांनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी केली. मग तीही सोडली आणि ते आले कुठे, तर लोणावळ्याला! होय, आपल्याच मावळात. राजा रविवर्म्याचा प्रसिद्ध छापखाना तेव्हा मळवलीला होता. कामशेतच्या पुढचं आणि लोणावळ्याच्या अलीकडचं ते लोकलचं छोटं स्टेशन, तेच. पवनानगरहून गाडीवर निघालं तर फार तर अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. देशभरातल्या देव्हाऱ्यांत गेलेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं इथे छापली जात. फाळक्यांनी लोणावळ्यात 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढलं आणि या छापखान्यासाठी फोटो-लिथोची कामं केली. चित्राचे रंग सुटे कसे करायचे, एकावर एक नेमके कसे बसवायचे, रसायनात काय कधी घालायचं, हे सगळं इथे त्यांच्या हातात पक्कं बसलं. भुशी डॅमवर भजी खायला आपण जातो, पण भारतीय सिनेमाच्या जनकाने इथे काही वर्षं वर्कशॉप केलंय हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं?

काम वाढलं तसा छापखाना मुंबईला दादरला गेला. नवा भागीदार आला, नवं नाव मिळालं. १९०९ मध्ये दादासाहेब रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारीत वाद झाला आणि स्वतःच उभ्या केलेल्या छापखान्यातून ते जवळजवळ हात हलवत बाहेर पडले. वय चाळिशीचं, घरात लहान मुलं, आणि उत्पन्न शून्य.

अशा वेळी गिरगावच्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसायला लागले. मग रोज सिनेमा. मिळेल ते पुस्तक, मिळेल ते कॅटलॉग वाचायचं, रात्र रात्र जागायचं. इतकं की डोळे गेले. औषधोपचाराने काही काळाने दृष्टी परत आली. आपले विम्याचे कागद गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं, स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं आणि दोनेक महिन्यांत परत. कोर्सचा कालावधी म्हणाल तर आपल्या व्हेकेशन ट्रेनिंगएवढा!

परत आल्यावर पहिला प्रयोग कसला, तर कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची रोज थोडी थोडी फिल्म घ्यायची. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. आज मोबाईलमध्ये टाइमलॅप्सचं बटण असतं, त्यांनी ते हाताने केलं. हे पाहून लोकांनी कर्ज दिलं. बाकीचे पैसे सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून आले.

आता इथे थोडं गणित करू, आपण इंजिनिअर आहोत म्हणून. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार अशी आठ भोकं लागतात. गुणाकार केला तर ५९,२०० चौकटी आणि ४,७३,६०० भोकं. तीही अंधारात पाडायची, कारण उजेड लागला की फिल्म गेली. भोक किंचित इकडे-तिकडे झालं तर चित्र पडद्यावर थरथरणार. हे काम शिकल्या सरस्वतीबाई. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं हेही त्या शिकल्या. दिवसा मंडळींचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून उजेड पात्रांवर टाकणं, रात्री मुलं झोपली की फिल्म. हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला त्यांचाच मुलगा भालचंद्र, आणि तारामती झाले अण्णा साळुंके, जे एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. दादरच्या ज्या रस्त्यावरच्या बंगल्यात हे चाललं त्याला आज दादासाहेब फाळके रोड म्हणतात.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात चित्रपट लागला आणि तुफान चालला. आता कुणीही काय करेल? मुंबईतच मोठी जागा घेईल. पैसेवाले इथे, थिएटरं इथे, विलायतेहून फिल्म उतरते ते बंदर इथे. दादासाहेबांनी उलटं केलं. १९१३ च्या ऑक्टोबरात त्यांनी बिऱ्हाड हलवलं नाशिकला.

हे वेडेपण वाटतं, पण कामाच्या बाजूने बघितलं तर हिशोब पक्का होता. तेव्हा शूटिंग चालायचं सूर्यप्रकाशावर. मुंबईच्या पावसात चार महिने कॅमेरा पेटीत. नाशिकला पाऊस मुंबईच्या मानाने कितीतरी कमी. पौराणिक चित्रपटाला लागणारे नदीचे घाट, देवळं, डोंगर, जंगल सगळं हाताशी. जुन्या वाड्यांचा, तपोवनाचा सेट उभारायची गरजच नाही. मोकळी जागा स्वस्त, आणि शिवाय हा माणूस मूळचा तिथलाच. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक बोरघाट चढून लोणावळ्याला येतो, दुसरा थळघाट चढून नाशिककडे जातो. फाळक्यांच्या आयुष्यातले दोन्ही वर्कशॉप या दोन घाटांच्या माथ्यावर झाले. मुंबई मधे राहिली, माल विकायला.

नाशिकला कंपनी म्हणजे मोठं एकत्र कुटुंबच होतं. नट, सुतार, रंगारी, कामगार, सगळ्यांची जेवणं एकत्र आणि त्या सगळ्यांकडे बघणाऱ्या सरस्वतीबाई. आपल्या मेसच्या काकूंना विचारा, हे काय काम असतं! इथे 'मोहिनी भस्मासुर' झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली आणि बाईची भूमिका बाईनेच करायची सुरुवात झाली. मग 'सत्यवान सावित्री'. १९१४ मध्ये दादासाहेब हे तिन्ही चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं. तिथेच राहून भारतीय चित्रपट बनवा, पगार आणि नफ्यात वाटा देतो, असं बोलावणंही आलं. त्यांनी नाही म्हटलं, कारण नाशिकला माणसं वाट बघत होती.

पण मित्रांनो, या स्थलांतराचं बिलही आलंच. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. भांडवलदारांनी हात आखडले. कच्ची फिल्म महाग झाली. नाशिकमध्ये हाताशी घाट होते, देवळं होती, पण पैसा मुंबईतच राहिला होता. कंपनी बंद पडायची वेळ आली. पुन्हा कर्ज, पुन्हा गहाण, आणि पुन्हा घरातलं जे काही उरलं होतं ते. १९१७ मध्ये 'लंकादहन' आला, ज्यात साळुंके रामही होते आणि सीताही, आणि पुन्हा गल्ला भरला. १ जानेवारी १९१८ पासून मुंबईचे भागीदार घेऊन 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' नाशिकलाच सुरू झाली. पुढच्या वर्षी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. म्हणजे घर कुठलं आणि स्टुडिओ कुठला, हे सांगणं अवघडच.

भागीदार आले तसे पैशाचे प्रश्न सुटले आणि माणसांचे सुरू झाले. खर्च किती, शूटिंगला दिवस किती, ठरवणार कोण? आपल्या टेकफेस्टच्या कमिटीत होतं तेच, फक्त आकडे मोठे. लोणावळ्याच्या छापखान्याचं झालं तेच इथे झालं. १९२० च्या सुमारास दादासाहेब कंपनी सोडून, सगळं कुटुंब घेऊन आणखी उत्तरेला थेट काशीला निघून गेले.

उत्तरेकडे नेलेली ही दोन बिऱ्हाडं शेजारी शेजारी ठेवून बघा. नाशिकला जाताना पेट्यांमध्ये कॅमेरा होता, बरोबर माणसं होती, डोक्यात पुढचे तीन चित्रपट होते. काशीला जाताना फक्त दुखावलेलं मन होतं. माणूस तोच, बायको-मुलंही तीच, गंगेचा घाट तर गोदावरीच्या घाटापेक्षा मोठा! पण काशीत चित्रपट झाला नाही. 'रंगभूमी' नावाचं नाटक त्यांनी तिथे लिहिलं, ते पुढे रंगमंचावर आलं पण चाललं नाही. १९२२ मध्ये ते नाशिकला, त्याच कंपनीत, परत आले. अर्थात मुलांच्या शाळेचं, घरच्या भांड्याकुंड्यांचं त्या काळात काय झालं असेल याचा हिशोब कुणी लिहून ठेवलेला नाही. तो सरस्वतीबाईंनाच ठाऊक.

पुढची गोष्ट उतरणीची आहे. १९३१ मध्ये बोलपट आला. लहान-मोठे मिळून शंभराच्या आसपास चित्रपट केलेल्या माणसाचा काळ बघता बघता मागे पडला. १९३७ मध्ये कोल्हापूरला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव मूळचा बोलपट झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, हलाखीत, त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. नाशिकला गेलात तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, ते बघा. सरस्वतीबाईंच्या नावाचा मात्र मोठा पुरस्कार नाही.

आता परत आपल्या पोस्टिंगकडे. मोठं शहर सोडा, गावाकडे चला, असा उपदेश फाळक्यांच्या आयुष्यातून काढता येत नाही. तसं केलं तर युद्धाच्या वर्षातली नाशिकची उपासमार विसरल्यासारखं होईल. पण एक गोष्ट त्यांच्याकडून नक्की घेता येते. जागा निवडताना त्यांनी आधी बघितलं की काम कुठे नीट होईल. उजेड कुठे आहे, जागा कुठे आहे, खर्च कुठे परवडतो. शहराचं नाव त्यानंतर आलं. जेव्हा हा क्रम चुकला आणि राग पुढे झाला, तेव्हा काशीसारखं शहरही त्यांना पावलं नाही.

आणखी एक. ऑफर लेटरवर नाव एकाचंच असतं, पण बिऱ्हाड हलतं ते सगळ्यांचं. सही करण्याआधी घरी एक फोन करायला हरकत नाही. अंधारात बसून पावणेपाच लाख भोकं कोण पाडणार आहे, ते आधीच विचारून घेतलेलं बरं.