वूडी गथ्री व त्याचें देशगीत

लोकांत राहून लोकांसाठीं गाणारे कवि अनेक देशांत होऊन गेले. अमेरिकेचा वूडी गथ्री हा त्यांपैकीं एक होय. त्याच्या एका गीताची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस बोधप्रद होईल असें वाटल्यावरून त्याचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

गथ्रीचा जन्म १४ जुलै १९१२ रोजीं ओक्लाहोमा संस्थानांतील ओकीमा ह्या गांवीं झाला. त्याचें बाळपण सुखाचें नव्हतें. थोरली बहीण भाजून मरण पावली, बापाचा जमिनीचा व्यापार बुडाला, आणि आईस हंटिंग्टन नांवाचा असाध्य मज्जारोग जडून तिला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. पुढें तो टेक्सासमधील पँपा येथें राहूं लागला. त्या दशकांत तेथें अवर्षण पडून धुळीच्या वादळांनीं शेतें उजाड झालीं. हजारों कुटुंबें मोडक्या मोटारींत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघालीं. गथ्रीहि त्याच वाटेनें गेला. अल्प मजुरीवर फळें तोडणाऱ्या त्या निराश्रितांचें दुःख त्यानें डोळ्यांनीं पाहिलें व गाण्यांतून मांडलें.

१९४० सालीं तो न्यूयॉर्क शहरीं आला. देशावर ईश्वराची कृपा असावी अशी प्रार्थना करणारें अर्विंग बर्लिन ह्याचें गीत त्या वेळीं नभोवाणीवर वारंवार लागत असे. गथ्रीस तें फार आत्मसंतुष्ट वाटे. २३ फेब्रुवारी रोजीं त्यानें त्यास उत्तर म्हणून सहा कडव्यांचें ‘धिस लँड इज युवर लँड’ हें गीत लिहिलें. त्याची चाल कार्टर कुटुंबानें गाइलेल्या एका ख्रिस्ती भजनाच्या चालीशीं मिळतीजुळती आहे. हा देश सर्वांचा आहे, हें गीताचें सार. परंतु त्यांतील एका कडव्यांत खासगी मालकीची पाटी वाट अडविते, आणि दुसऱ्यांत मंदिराच्या शिखराच्या छायेंत भुकेले लोक मदतीसाठीं उभे आहेत. तेव्हां देश खरोखर सर्वांचा आहे काय, असा प्रश्न कवि विचारतो.

गीत लोकप्रिय झालें, शाळाशाळांतून मुलें तें गाऊं लागलीं. पण शालेय पुस्तकांत हीं दोन कडवीं बहुधा नसत. निसर्गवर्णन राहिलें, प्रश्न गळाला. आईचाच रोग जडून गथ्रीनें अखेरचीं अनेक वर्षें इस्पितळांत काढलीं. आपला मुलगा आर्लो ह्यास मात्र त्यानें गाळलेलीं कडवीं शिकविलीं होतीं. ३ ऑक्टोबर १९६७ रोजीं तो वारला.

१८ जानेवारी २००९ रोजीं वॉशिंग्टन येथें लिंकनच्या स्मारकासमोर त्याचा वृद्ध मित्र पीट सीगर ह्यानें गाळलेल्या कडव्यांसह तें गीत लाखों लोकांपुढें गाइलें. ह्या भूमीचे मूळ रहिवासी गीतांत कोठें आहेत, असा आक्षेप अलीकडे त्या रहिवाशांनींच घेतला आहे. आम्हांस तो रास्त वाटतो. गथ्रीनें सुरूं केलेली विचारपूसच त्यांनीं पुढें नेली आहे.

देशगीत गाणें सोपें आहे. परंतु भुकेल्यांस अन्न दिलें तें मलाच दिलें असें मानणाऱ्या प्रभूच्या शाळेंत शिकणाऱ्यांनीं, गातांना शिखराच्या छायेंत उभ्या असलेल्यांकडेहि पाहावें. विद्यार्थिमित्रहो, तीं कडवीं तुम्ही गाळूं नका.