संत जेरोम ह्यांचे चरित्र आणि त्यांच्या प्रतिमेतील चिन्हे

आपल्या देवळांतील संतांच्या प्रतिमांकडे पाहिले असता प्रत्येकाच्या हाती वा पायांशी काही ना काही खूण आढळते. संत पेत्राच्या हाती किल्ल्या, संत लॉरेन्सजवळ लोखंडी जाळी, संत सेबास्तियनच्या देहात रुतलेले बाण. ज्या काळी बहुतेक भाविकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळी ह्या खुणा हीच त्यांची बाराखडी होती. संत जेरोम ह्यांच्या वाट्याला अशा खुणा विपुल आल्या: सिंह, कार्डिनलची लाल टोपी, दगड, कवटी आणि ग्रंथ. कवटी ही मरणाची आठवण, हे सर्वश्रुतच आहे. इतरांपैकी कोणती खूण त्यांच्या जीवनातून उगवली व कोणती मागाहून जडली, ते ह्या जुबिलीच्या मंगल प्रसंगी पाहू या.

जेरोम ह्यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास डाल्मेशिया व पॅनोनिया ह्या रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडोन गावी, ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते रोमला गेले आणि तेथेच त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. लॅटिन वाङ्मयाची, विशेषतः सिसेरोच्या भाषेची, त्यांना इतकी गोडी लागली की पवित्र शास्त्राची साधी भाषा त्यांना ओबडधोबड वाटे. पुढे पूर्वेकडे गेले असता तापाने अंथरुणाला खिळल्यावर त्यांना स्वप्न पडले. आपण न्यायासनापुढे उभे आहोत आणि ख्रिस्ताचे म्हणवीत असूनही सिसेरोचेच अनुयायी ठरलो आहोत, असे त्यांनी त्यात पाहिले. त्या स्वप्नाने त्यांच्या जीवनाला वळण लागले.

सीरियातील खाल्किसच्या वाळवंटात त्यांनी एकांतवास पत्करला. उपवासाने देह वाळला, सोबतीला विंचू आणि श्वापदे, तरी मन मात्र रोमच्या नर्तकींच्या मेळ्यात भटके, हे त्यांनी पुढे स्वतःच निःसंकोचपणे लिहून ठेवले. अशा वेळी ते ऊर बडवून घेत. चित्रकारांनी त्यांच्या हाती दगड दिला तो ह्याच अनुतापाची खूण म्हणून. मनाला वेसण घालण्यासाठी त्यांनी ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्यापाशी हिब्रू भाषा शिकण्यास आरंभ केला. शिकताना ते अनेकदा हताश होत, पुन्हा नेटाने बसत.

लाल टोपीची गोष्ट निराळी. ३८२ मध्ये ते रोमला परतले आणि पोप दमासस ह्यांचे लेखनसाहाय्यक झाले, एवढाच तिला आधार. कार्डिनलांना लाल टोपी मिळू लागली ती १२४५ नंतर! रोमने जेरोमना मान दिला, तसा मनस्तापही दिला. सुखासीन धर्मगुरूंवर त्यांनी लेखणीचे कोरडे ओढले होते. ३८४ मध्ये दमासस निवर्तल्यावर विरोधक उठले, आणि ३८५ मध्ये त्यांनी ते नगर कायमचे सोडले.

३८६ मध्ये ते बेथलेहेमला स्थिरावले. रोमची कुलीन विधवा संत पावला आणि तिची कन्या युस्टोकियम ह्याही तेथे आल्या. पावलाच्या द्रव्यातून मठ व यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली. येथेच त्यांच्या ग्रंथाचे महान कार्य घडले. लॅटिन शास्त्राच्या नाना प्रतींत मेळ नव्हता. शुभवर्तमाने त्यांनी दमाससच्या आज्ञेवरून आधीच तपासली होती. आता जुना करार मूळ हिब्रूवरून उतरविण्यास त्यांनी सुमारे पंधरा वर्षे वेचली. लोकांनी स्वागत केले असे नाही. योना संदेष्ट्याच्या कथेतील भोपळ्याच्या वेलाऐवजी त्यांनी दुसऱ्या वेलाचे नाव घातले, तेव्हा आफ्रिकेतील एका देवळात मोठा गोंधळ माजला. संत ऑगस्टिन ह्यांनी ते त्यांना पत्राने कळविले.

जेरोम ह्यांचा स्वभाव तिखट होता, हे झाकण्याचे कारण नाही. रुफिनस ह्या जुन्या मित्राशी त्यांचे वितुष्ट आले, आणि तो मरण पावल्यावरही त्यांची लेखणी निवली नाही. परंतु ४१० मध्ये रोम लुटले गेले व निराश्रितांचे लोंढे बेथलेहेमला आले, तेव्हा त्याच हातांनी यहेज्केलवरील भाष्य बाजूला ठेवून त्यांची सेवा केली.

मग सिंह कोठून आला? ती कथा मूळची यार्देनकाठच्या संत गेरासिमस ह्या मठाधिपतींची. त्यांनी सिंहाच्या पंजातील काटा काढला व तो त्यांच्याजवळ माणसाळून राहिला. नामसादृश्याने ती जेरोमना चिकटली असावी. तरीही आम्हांस वाटते, लोकांची निवड चुकली नाही. जेरोमचा सिंह बाहेर नव्हता, अंतरी होता. त्याला माणसाळविण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि तो कधी कधी गुरगुरतच राहिला. संतपद हे निर्दोष जन्मलेल्यांचे वतन नव्हे, हाच दिलासा ह्या चिन्हात आहे.

४२० मध्ये बेथलेहेमलाच त्यांनी देह ठेवला. १२९८ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना आचार्यपद दिले. व्हल्गाता ह्या नावाने विख्यात झालेले त्यांचे शास्त्र १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रमाण मानले. १९६० नंतरच्या दशकात मिस्सा मराठीतून होऊ लागेपर्यंत आपल्या वाडवडिलांनी वेदीवरून जे लॅटिन शुभवर्तमान ऐकले, ते ह्याच पठणाचे. म्हणून ३० सप्टेंबर हा त्यांचा सण आला की घरातील बायबलवरची धूळ झटकावी आणि एक अध्याय तरी मुलाबाळांसह वाचावा. साऱ्या चिन्हांत ग्रंथ हेच त्यांचे खरेखुरे चिन्ह. आणि ते आपल्या हाती यावे म्हणूनच त्यांनी देह झिजविला.