पंढरपूरच्या तान्ह्यांचे लालशंकर

लालशंकर उमियाशंकर मूळचे गुजरातचे. न्यायाधीश म्हणून ते सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात आले. तीर्थक्षेत्री गुपचूप बाळंत होणाऱ्या विधवांच्या अर्भकांची लोकलज्जेपोटी हत्या होई. ती रोखण्यासाठी प्रार्थना समाजाच्या या कार्यकर्त्याने 1875 मध्ये तेथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले.

पण आईच्या दुधाला पारखे झालेले तान्हे जगवायचे कसे? त्यात मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर प्रश्न अधिकच बिकट. साधारण 34व्या आठवड्यापूर्वी चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळच नीट बसत नाही. पॅरिसच्या तार्निए यांची उबपेटी व नळीने दूध पाजण्याची रीत आली तीही 1880 च्या दशकात.

1876 च्या दुष्काळात गृहाने अनाथ मुलांनाही आसरा दिला. पुढे अहमदाबादेतही लालशंकर अनाथाश्रमाच्या कामात राहिले; पंढरपूरची संस्था वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखली गेली.