शिकलगारांचे सतारमेकर झाले



मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव आपण ऐकलेच असेल. पण या कामाचा पाया घालणाऱ्या फरीदसाहेबांची माहिती आपल्यापैकी किती जणांना आहे?

फरीदसाहेब हे एकोणिसाव्या शतकातील मिरजेचे कारागीर. घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारे घडवून त्यांना धार लावणाऱ्यांचे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, लढाया थांबल्या आणि तलवारीची मागणी ओसरत गेली. हातात कसब होते, गिऱ्हाईक उरले नाही. अशा वेळी नशिबाला दोष देत बसणे सोपे असते. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन होते. दरबारी येणाऱ्या गवयांची वाद्ये बिघडत. ती दुरुस्त करण्याचे काम फरीदसाहेबांनी पत्करले आणि दुरुस्ती करता करता ते स्वतःच तंबोरे घडवू लागले, असे सांगतात.

हे काम सोपे समजू नका. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा कडू भोपळा वाळवून, कापून त्याला लाकडी दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या, नक्षी करायची. सर्वांत अवघड ती जवारी. घोडीचा माथा इतका नाजूक घासायचा, की तारेखाली सूत सरकवताच स्वर गुंजू लागावा. शिकलगाराच्या हाताला घासण्याची सवय होतीच. फरक एवढाच की धार डोळ्यांनी पाहता येते, जवारी मात्र कानानेच पारखावी लागते. फरीदसाहेबांना हात तोच ठेवून कान नव्याने तयार करावा लागला.

पुढे घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांच्यासारखे थोर गायक, जे स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत जाणकार होते, मिरजेत स्थायिक झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तरीही विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्यामुळे फरीदसाहेबांपुढचा प्रश्न आज त्यांच्या वारसांपुढे पुन्हा उभा आहे.

म्हणून पालकहो, हाताने काम करणाऱ्या मुलाला कमी लेखू नका. आणि घरचा धंदा आहे म्हणून त्याची शाळाही सोडवू नका. हिशेब, पत्रव्यवहार आणि बाजाराची जाण नसेल, तर उत्तम कारागिराच्या मेहनतीचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो. विद्यार्थी मित्रांनो, धंदा बुडाला तरी शिकण्याची तयारी बुडू देऊ नका. फरीदसाहेबांची खरी पुंजी तीच होती.