संयमाचे बळ

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ म्हणजे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर (१९०३-१९७२). हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन करीत असताना त्यांनी संन्यास घेतला. समाजाकडे मात्र पाठ फिरविली नाही. १९३८ च्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले. या प्रदीर्घ प्रतीक्षेत त्यांचा धीर खचला नाही. हा संयम निष्क्रियतेचा नव्हता. विलीनीकरणाचा लढा पुकारून १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांनी पुन्हा अटक स्वीकारली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. तरी स्वामीजी मंत्रिपदापासून दूरच राहिले. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करते. क्षोभाच्या काळात स्वतःवर ताबा ठेवणाराच इतरांना मार्ग दाखवू शकतो, हाच त्यांच्या जीवनाचा वारसा होय.