विटेवरचं नाव

आजचं वाचन : दानीएल, अध्याय ४



राजवाड्याच्या गच्चीवर फिरणारा नबुखद्नेस्सर आपल्याला माहीत आहे. हा अध्याय वाचताना मला मात्र त्याचा बाप आठवतो. शास्त्रात त्याचं नाव नाही, इतिहासात आहे : नबोपोलासर.

इ.स.पू. ६२६ मध्ये तो बाबेलच्या गादीवर आला. तेव्हा अश्शूरचा दरारा होता. मेदी लोकांना सोबत घेऊन त्याने ६१२ मध्ये निनवे पाडलं. एवढा विजय मिळवूनही आपल्या लेखांत तो स्वतःला एका सामान्य, अनोळखी माणसाचा मुलगा म्हणवतो आणि श्रेय मार्दुक दैवताला देतो. आपला परमेश्वर त्याला ठाऊक नव्हता, पण यश आपलं एकट्याचं नाही हे कळत होतं. बाबेलच्या मोठ्या मनोऱ्याचं काम काढलं तेव्हा त्याने स्वतः डोक्यावर विटा-माती वाहिली, आणि मजुरांबरोबर थोरल्या मुलालाही वाहायला लावली, असं तो लिहितो. तो मुलगा म्हणजे नबुखद्नेस्सर.

६०५ मध्ये मुलाने कर्कमीश इथे मिसरी सैन्याला हरवलं. त्याच वर्षी बाप वारला आणि तो राजा झाला. पुढे ४३ वर्षं राज्य केलं. यरुशलेमचं मंदिर जाळलं, लोकांना बंदिवासात नेलं, बाबेल नव्याने बांधलं. त्याच्या नावाचा शिक्का असलेल्या हजारो विटा सापडल्या आहेत. त्या शिक्क्यात आपण नबोपोलासरचा थोरला मुलगा, असंही तो सांगतो.

राज्य देवाने दिलंय, हे दानीएलाने त्याला सांगितलं होतं. स्वप्नातून इशाराही मिळाला होता. तरी बारा महिन्यांनी गच्चीवरून शहर बघताना त्याने सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. विटेवर बापाचं नाव होतं, तोंडी मात्र फक्त स्वतःचं. शब्द संपायच्या आत राज्य गेलं, बुद्धी गेली, आणि राजा बैलासारखा गवत खाऊ लागला. वर आकाशाकडे डोळे लावले तेव्हाच तो भानावर आला.

आपला पगार, आपलं घर, यामागेही कुणीतरी टोपल्या वाहिल्या आहेत. आई-वडील हयात असतील तर आज त्यांना एक फोन नक्की करा.

प्रार्थना : हे प्रभू, जे मिळालं ते तुझ्याकडून आणि त्यांच्या कष्टांतून मिळालं, याची मला रोज आठवण दे. आमेन.